कपाटाच्या दारावरचं निसर्गचित्र

माझ्या मावशीला निळा रंग माहीत नव्हता. तिला चौदा नंबर माहीत होता, चौदा-अ माहीत होता, आणि घाईत कोणी सोडा जास्त टाकला की चौदाचा जो मेलेला, घाणेरडा रंग होतो तोही माहीत होता. कापड रंगवायच्या कारखान्यात तिने एकतीस वर्षं रंग जुळवले. गिऱ्हाइकाने पाठवलेली चिंधी डाव्या हातात, कारखान्यात रंगवलेला तुकडा उजव्या हातात, उत्तरेच्या खिडकीपाशी उभं राहायचं, एक डोळा मिटायचा आणि सांगायचं, लाल दोन थेंब कमी. तिने दोन थेंब म्हटलं की ते दोनच असत. या तुकड्यांना कारखान्यात नमुना म्हणत. दिवसभर तिच्या तोंडी तोच शब्द, म्हणून लोक तिलाच नमुनाबाई म्हणायला लागले. बाहेरचे लोक हे नाव ऐकून हसायचे, कारण बाहेर नमुना म्हणजे डोक्याने जरा सैल माणूस. तिला त्याचं काही वाटत नसे. मला वाटे.

निळसर, हिरवट, तांबूस असले शब्द तिच्यासमोर काढायची सोय नव्हती. हे आळशी माणसाचे रंग, असं ती म्हणायची. ज्याला नीट बघायचं नाही तो शब्दाला शेपूट लावतो. माझ्या लग्नाचा पांढरा सदरा मी मोठ्या हौसेने तिला दाखवायला नेला तेव्हा तिने तो खिडकीपाशी धरला आणि विचारलं, याने पांढरा म्हणून पैसे घेतले का? तो सदरा मी लग्नात घातला, पण सगळे फोटो काढून होईपर्यंत मला तो पिवळाच दिसत होता. अशी ती. तिच्याबरोबर कपडे घ्यायला जायला घरात कोणी तयार नसायचं.

कामावरून निवृत्त झाल्यावर ती माझ्या आईकडे राहायला आली. आई तिची थोरली बहीण. त्यांची नऊ घरांची रांग कारखान्याच्या मागच्या भिंतीला पाठ करून उभी आहे, आणि भिंत व घरं यांच्या मधून नाला जातो. मी तिथे राहत नाही. मी नगर कार्यालयात कारकून आहे, तक्रार विभागात, आणि कार्यालयाच्या वसाहतीत दोन खोल्यांत राहतो. आलेली पत्रं घ्यायची, सोबत जोडलेल्या वस्तूंची यादी करायची, सुनावणी असेल तेव्हा कोण काय बोललं ते लिहून काढायचं, हे माझं काम. अक्षर चांगलं आहे म्हणून मला तिथे बसवलंय. त्या अक्षराचं मला फार कौतुक होतं.

नाल्याबद्दल सांगताना माझ्या तोंडाची चव जाते, पण सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. कारखान्याने रंगाचं पाणी साफ करून मगच सोडायचं, असा नियम आहे. त्यासाठी आत यंत्र आहे आणि कोणी पाहुणा बघायला आला की ते चालू करतात. एरवी पाणी तसंच सोडतात, कोमट, वाफ निघणारं. त्यावर फेसाची साय धरते आणि ती काठाला चिकटून वाळते. सडलेलं अंडं आणि जळलेले केस यांचा मिळून एक वास येतो, तो नाकात नाही, टाळूला बसतो. घरी येऊन दात घासले तरी जात नाही. एकदा मी तिथे एक गुलाबी उंदीर तरंगताना पाहिला. फुगलेला, पोट वर, आणि शेपटीपर्यंत एकसारखा गुलाबी. मावशीने तोही एक डोळा मिटून बघितला आणि नंबर सांगितला. मी भिंतीला धरून ओकलो.

वासाने माणूस मरत नाही म्हणून लोकांनी वास सोसला. पण रांगेच्या टोकाला हातपंप आहे आणि नऊ घरं त्याच पाण्यावर आहेत. नाल्यातलं मुरत मुरत त्या पाण्यात गेलं. आधी धुतलेले कपडे बिघडले, मग हात बिघडले. माझ्या आईच्या बोटांच्या बेचक्यांतली कातडी सोलून निघाली. पाणी सुटायचं, खपली धरायची, भांडी घासली की खपली निघायची. ती चमच्याने जेवायला लागली आणि मी कधी गेलो तर हात पाठीमागे ठेवायला लागली. वय झालं, असं ती म्हणायची. वय झाल्याने कोणाची कातडी सोलत नाही हे मला कळत होतं, तरी मी मान डोलवायचो, कारण ते मान्य केलं तर काहीतरी करावं लागलं असतं.

करायचं ते मावशीने केलं. तिने पाण्याच्या सात बाटल्या भरल्या, बुचांना दोरा बांधला आणि आमच्या कार्यालयात आणून दिल्या. त्या दिवशी मी रजेवर होतो. शिपायाला वास सहन होईना. त्याने सातही बाटल्या मोरीत ओतल्या, साबणाने धुतल्या, पुसल्या आणि दुसऱ्या दिवशी तिच्या हातात परत दिल्या. आपण बाईला मदत केली, अशी त्याची खरोखर समजूत होती.

मग मावशीने आईच्या जुन्या कपाटाचं एक दार काढलं. रोज संध्याकाळी लांब दांड्याचं ओगराळं घेऊन ती नाल्यावर जायची, काठाशी बसलेला त्या दिवसाचा ताजा गाळ उचलायची, डिंकात घोटायची आणि दारावर त्याचा एक आडवा पट्टा ओढायची, या कडेपासून त्या कडेपर्यंत. नाला जितके तास वाहिला तितक्या काडेपेटीच्या काड्यांएवढा रुंद पट्टा. दाराच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने तारीख, किती वाजता सुटलं, किती वाजता थांबलं, आणि कोणत्या नंबरचा रंग. एकतीस वर्षं तेच रंग हाताळलेले. कोणत्या हौदातलं पाणी आहे ते तिला गाळ बघून कळत होतं. बावन्न दिवस तिने हे केलं. फळी मोरीत ओतता येत नाही, एवढंच ती म्हणाली.

तक्रार दाखल झाली, सुनावणीची तारीख लागली आणि कारखान्याला नोटीस गेली. नोटीस गेल्याच्या तिसऱ्या दिवशी नाला स्वच्छ. तळाचे दगड दिसायला लागले. लॅबवाले आले, त्यांनी ते स्वच्छ पाणी बाटलीत भरून नेलं आणि त्यात काही निघालं नाही. म्हणजे आता त्या बावन्न दिवसांचा पुरावा जगात एकच उरला, कपाटाचं दार. त्यातून काही सिद्ध झालं तर कारखान्याला यंत्र रोज चालवावं लागणार होतं आणि रांगेला दुसरीकडून पाणी मिळणार होतं. आईचे हात त्या दारावर अवलंबून होते, इतकं ते साधं होतं.

आणि ते दार तक्रार दाखल करायच्या वेळीच मावशीने विश्वासाने माझ्या स्वाधीन केलं होतं, कारण मी कार्यालयातला माणूस. तिचं पत्र पेन्सिलीने लिहिलेलं होतं. त्यात शेवटी होतं, सोबत नाल्यातल्या गाळाचा बावन्न दिवसांचा नमुना जोडला आहे. मी ते पत्र टाइप करून आणतो म्हणालो.

दार घरी आणलं तर माझ्या दोन खोल्यांत थांबता येईना. बायकोने ते गॅलरीत ठेवलं, तर शेजाऱ्यांनी दार वाजवलं. मग मी ते फ्रेमवाल्याकडे नेलं आणि सांगितलं, वासाचं काहीतरी कर आणि जरा बघण्यासारखं कर. त्याने वर व्हार्निशचे दोन हात दिले, मागे खाकी कागद चिकटवला आणि चारी बाजूंनी सोनेरी पट्टी मारली. मागच्या कागदाखाली बावन्न तारखा गेल्या, हे मला दिसलं. नीटनेटकं झालं, असं मला वाटलं. फ्रेमवाला दोन पावलं मागे जाऊन म्हणाला, कोणा मोठ्या चित्रकाराचं दिसतंय. मला बरं वाटलं. आज ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते, पण त्या दिवशी मला बरं वाटलं होतं.

मग मी पत्र टाइप करायला बसलो आणि त्या शब्दापाशी अडलो. नमुनाबाईने नमुना पाठवलाय. माझ्या टेबलाभोवतीची माणसं मला माहीत होती. चहाच्या वेळेला ते महिनाभर पुरलं असतं. ती माझी मावशी आहे हेही सगळ्यांना माहीत होतं. मी तो शब्द गाळला आणि लिहिलं, सोबत नाल्याचं निसर्गचित्र जोडलं आहे. यादीतही माझ्या सुंदर अक्षरात लिहिलं, निसर्गचित्र, एक. मावशीने न वाचता सही केली.

आमच्या कार्यालयात एक नियम आहे. यादीत नमुना लिहिलेली वस्तू सील होते आणि तीन दिवसांत लॅबला जाते, कोणाला विचारावं लागत नाही. तो नियम मी दिवसातून चारदा वापरतो. तेव्हा विसरलो, असं मी लोकांना सांगतो.

कारखान्याच्या वकिलाने यादी वाचली आणि बरोबर त्या शब्दावर बोट ठेवलं. निसर्गचित्र म्हणजे कल्पना, त्याला पुरावा कसं म्हणणार, आणि बाई तर कारखान्यातूनच निवृत्त झालेल्या, मनात काही असेल. सुनावणी घेणाऱ्या अधिकारी बाई सरळ होत्या, पण त्यांच्या टेबलावर फायलींचा ढीग होता आणि त्यांना चित्रातलं काही कळत नव्हतं. त्यांनी कला महाविद्यालयाला पत्र पाठवलं की या चित्रात एखादी खरी जागा दाखवली आहे का, ते तज्ज्ञाने येऊन सांगावं. मावशीला मी सांगितलं की एक तज्ज्ञ येणार आहेत. कशातले, तिने विचारलं. मी म्हटलं, रंगातले. तिचा चेहरा उजळला. "रंगातला माणूस आहे ना? मग त्याला सांगावंच लागणार नाही," ती म्हणाली. सुनावणीला ती इस्त्री केलेले कपडे घालून आली.

दार दोन खुर्च्यांवर टेकवून ठेवलं होतं. फ्रेम लावल्यापासून तिने ते पाहिलं नव्हतं. ती जवळ गेली, सोनेरी पट्टीवरून बोट फिरवलं आणि मला विचारलं, हे काय आहे? व्यवस्थित दिसावं म्हणून, मी म्हटलं. तिने एक डोळा मिटला. सगळे रंग अर्ध्या नंबरने पिवळे झालेत, ती म्हणाली, काय केलंस? मी म्हटलं, दिव्याचा उजेड आहे, बस तू. ती बसली, पण माझ्याकडे बघत राहिली.

प्राध्यापक आले. हळू बोलणारा माणूस; इतकं हळू की सगळ्यांनी पुढे वाकावं. वाक्य संपवताना ते डोळे मिटायचे, जणू वाक्य त्यांनाच आवडलंय. त्यांनी चष्मा बदलला, पाच मिनिटं चित्रासमोर नुसते उभे राहिले, मग लांबून पाहिलं, मग इतक्या जवळून की नाक लागेल. आणि मग सुरू झाले.

आधी रेषा. हे अमूर्त निसर्गचित्र आहे, ते म्हणाले, आणि त्याची सगळी भाषा आडव्या रेषेची आहे. आडवी रेषा म्हणजे क्षितिज, विश्रांती, थकवा. इथे एक क्षितिज नाही, बावन्नच्या आसपास क्षितिजं आहेत, म्हणजे बघणारा माणूस कुठेच पोचत नाही. मग रंग. खालच्या नारिंगीवर वरचा निळा रेलतो, दोघं एकमेकांना सहन करत नाहीत, त्यातून ताण येतो. मग लय. पट्टे कुठे रुंद, कुठे अरुंद, श्वास घ्यावा सोडावा तसे. मग तोल. खालच्या तिसऱ्या भागात एक जाड काळा पट्टा आहे, त्याने सगळं चित्र जमिनीला धरून ठेवलंय. अवकाशाबद्दल म्हणाले, इथे पुढचं-मागचं काही नाही, खोली मुद्दाम नाकारली आहे. मधे एक पट्टा कोरा सोडलाय, तिथे लाकूड दिसतं. त्याला त्यांनी मौन म्हटलं आणि डोळे जरा जास्त वेळ मिटले. उजवीकडे वर एक लहान गोल आहे, तो सूर्य की चंद्र हे चित्रकर्तीने बघणाऱ्यावर सोडलंय. शेवटी पोत. त्यांनी दोन बोटं पट्ट्यांवरून हळूहळू फिरवली. जाड, खरखरीत, आणि वर ही ओलसर चमक. मातीची आठवण, ते म्हणाले.

मला हे सगळं लिहून घ्यायचं होतं आणि मी लिहीत होतो. सांगायला लाज वाटते, पण मला ते पटत होतं. त्यांनी क्षितिजं म्हटल्यावर मला क्षितिजं दिसायला लागली. मी पंधरा वर्षं जो नाला नाक दाबून ओलांडतोय तो मला सुंदर दिसत होता आणि माझ्या मावशीने ते केलंय म्हणून छाती फुगत होती. आईच्या हातांची त्या वीस मिनिटांत मला एकदाही आठवण झाली नाही.

अधिकारी बाईंनी घड्याळ बघितलं आणि कामाचं विचारलं. यात एखादी खरी जागा, खरा दिवस दाखवला आहे का? प्राध्यापक हसले. तसं म्हणणं हा या कामाचा अपमान होईल, ते म्हणाले. हे संपूर्णपणे आतलं आहे, मनातलं. बाहेरच्या कुठल्याही गोष्टीशी याचा संबंध जोडू नये. मी तेही लिहिलं. वकिलाने पेनाला टोपण लावलं.

मावशी उठली. ती प्राध्यापकांवर चिडलेली का नव्हती, हे मला अजून कळत नाही. चुकीचा रंग जुळवणाऱ्या नवीन कामगाराला समजवावं तशी ती बोलली. तो कोरा पट्टा आहे ना, ती म्हणाली, त्या दिवशी कारखान्याला सुट्टी होती. गोल म्हणताय ते कपाटाच्या मुठीचं भोक, मी लाकडाने बुजवलं. पट्टा रुंद म्हणजे नाला जास्त तास वाहिला, एका तासाला एक काडी, मोजून घ्या, तारखा मागे लिहिल्यात. काळा जाड आहे त्या दिवशी त्यांनी हौद धुतले, नऊ तास. आणि हे मी रंगवलेलं नाही. हा रंग नाही.

प्राध्यापकांनी दयाळूपणे मान हलवली. चित्रकारांना बऱ्याचदा आपण काय केलंय ते माहीत नसतं, असं काहीतरी ते पुटपुटले. मावशीने केसातला आकडा काढला. काळ्या पट्ट्यावर तिने तो जोर देऊन ओढला. व्हार्निशची पापडी उडाली आणि खालचा गाळ भुसभुशीत होऊन जमिनीवर पडला. बंद खोली, वर पंखा. चार श्वास घेईपर्यंत काही नाही. मग तो आला. टाळूला बसणारा तोच वास, दोन महिने कोंडलेला. अधिकारी बाईंनी रुमाल तोंडाला लावला. वकील खिडकीकडे धावला आणि ती उघडेना. प्राध्यापकांनी आपली दोन बोटं नाकाजवळ नेली, का कोण जाणे, आणि त्यांचा चेहरा जो झाला तो मला मरेपर्यंत पुरेल.

"वास घेतलात ना?" मावशी म्हणाली. "हे माझ्या बहिणीच्या हंड्यात येतं."

अधिकारी बाईंना कळलं होतं. त्यांनी रुमालाआडून मला सांगितलं की सील करा आणि लॅबला पाठवायचं पत्र तयार करा. मी कागद ओढला. एक क्षणभर आम्ही जिंकलो होतो.

वकील खिडकीपाशीच उभा होता. त्याने नाक चिमटीत धरून विचारलं, "वरची चमक कोणाची? व्हार्निशमध्ये काय काय असतं, कोणी सांगेल का? आणि हे लॅबच्या आधी कोणाकोणाच्या हातातून गेलं?"

अधिकारी बाईंनी माझ्याकडे पाहिलं. वस्तू माझ्या सहीने जमा झाली होती. मला खोटं बोलता आलं असतं. फ्रेमवाला काही साक्षीला येणार नव्हता. पण मावशी एक डोळा मिटून माझ्याकडे बघत होती, आणि मी सगळं सांगितलं. फ्रेमवाला, दोन हात व्हार्निश, मागचा कागद. बाईंनी पत्र कोणी टाइप केलं विचारलं, तेव्हा शब्द बदलल्याचंही सांगितलं. मूळ शब्द काय होता, त्यांनी विचारलं. नमुना, मी म्हटलं. त्यांनी यादी जवळ ओढली. म्हणाल्या, हा शब्द असता तर हे सुनावणीच्या आधीच लॅबमधून परत आलं असतं.

खरं बोलल्यावर हलकं वाटतं म्हणतात. मला काही हलकं वाटलं नाही. बाईंनी नियम वाचून दाखवला: ज्या वस्तूवर नंतर काही चढवलं आहे आणि जिचं वर्णन बदललं आहे ती तपासणीला धरता येत नाही. तक्रार निकाली काढली. नवा नमुना घेऊन नव्याने अर्ज करा, त्या मावशीला म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज वाईट वाटल्यासारखा होता. मावशीने विचारलं, नाला आता स्वच्छ आहे, नमुना कशाचा घेऊ? बाईंनी पुढची फाइल उघडली. मी हेही लिहून घेतलं, कारण ते माझं काम आहे.

बाहेर मोरीपाशी प्राध्यापक हात धूत होते. तिसऱ्यांदा साबण लावत होते. मला बघून म्हणाले, झालं ते वाईट झालं, पण कलाकृती म्हणून ती अस्सल आहे, आणि आता तर पोताचा अर्थच बदलतो. मग बोटं पुसत पुसत विचारलं, तुमच्या मावशींनी असं आणखी काही केलंय का? एखादं प्रदर्शन करता येईल. मी त्यांच्या स्वच्छ धुतलेल्या, सुरकुतलेल्या बोटांकडे पाहत होतो. त्या माणसाच्या तोंडावर थुंकावंसं वाटलं. थुंकलो नाही. मी बघतो सर, असं म्हणालो.

दार आम्ही दोघांनी मिळून घरी नेलं, एक टोक तिच्याकडे, एक माझ्याकडे. अर्ध्या वाटेत तिने सोनेरी पट्टी दोन्ही हातांनी उचकटून काढली आणि कचऱ्याच्या डब्यात टाकली. रांगेजवळ पोचलो तेव्हा चार वाजले असतील. सुनावणी संपून तीन तास झाले होते, आणि नाल्यातून वाफ येत होती. नारिंगी पाणी, दाट, फेसासकट. तिने दार भिंतीला टेकवलं, काठावर उभी राहिली आणि नंबर सांगितला. मग मला विचारलं, "शब्द का बदललास?"

"लोक हसले असते."

"माझ्यावर?"

मी मान खाली घातली. ती नाल्याकडेच बघत होती. "हसले असते," ती म्हणाली. "हसून झालं की तपासलं असतं. तुला माझी लाज वाटली, एवढंच ना."

मी म्हटलं, उद्या दुसरी फळी आणतो, नवीन, चांगली. नको, ती म्हणाली, माझी मी बघीन. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं. ती भिंतीच्या कडेचं ओगराळं उचलून पाण्याकडे वाकली, आणि मी घरात गेलो.

आई आत वाट बघत होती. तिने सवयीने हात पाठीमागे घेतले, मग विसरून पुढे केले. बेचक्यांतून पाणी सुटलं होतं. काय झालं तिकडे, तिने विचारलं. तिच्या चेहऱ्यावर इतकी आशा होती की माझ्याच्याने बघवेना.

"पुढची तारीख मिळेल बहुतेक," मी म्हटलं.

बाहेरून मावशीचा आवाज आला. "हरलो म्हणून सांग तिला. आता तरी शब्द बदलू नकोस."

मी आईला सांगितलं.